वॅगन नंबर तीन

१२ नोव्हेंबर १९७२

नं. ३ आज पुरी झाली. माझ्या हातचं काय काय आहे ते लिहून ठेवतो. मागची दोन्ही दारं, सागवानी, सांध्यात एक खिळा नाही. टपाचं कॅनव्हास आणि आतलं अस्तर, शिलाईसुद्धा माझी. पायाखालचा पत्रा. मागचं बाक. सायलेन्सर. हेडचं सोडून बाकी सगळी गॅस्केटं. पुढच्या चाकाची बेअरिंग काढायचा पुलर बाजारात मिळेना, तो लेथवर केला. नंबरप्लेटवरची अक्षरं. विकत आणलं ते: काचा, टायर, बॅटरी, हॉर्न. हॉर्न जमला नसता असं नाही. वेळ नव्हता.

अर्ध्या हँडलला चालू झाली. चारी सिलिंडर सारखे बोलतात.

शंकर म्हणाला, "दाजी, नवरीलाबी एवढं नटवत न्हाईत. आता उजवा लवकर." त्याला फक्त उजवणं दिसतं.

मेव्हणा भागीदार करू नये म्हणतात. मी केला. दोन वर्षांपूर्वी मिलिटरीच्या लिलावात तीन जुन्या स्टेशन वॅगन घेतल्या, निम्मे पैसे माझे, निम्मे शंकरचे. गाडी उभी करायची मी, गिऱ्हाईक आणायचं त्यानं. नं. १ खोलून एक्सलसकट तिचा सगळा माल बाकी दोघींत घातला. नं. २ सुप्याच्या ठेकेदाराला दिली. आता ही.

१९ नोव्हेंबर

सावेडीचा माळ नुसता उडतोय. पाऊस गेला तो गेलाच. शेडवर जो येतो तो एक्सल विचारतो. गाडी कोणी विचारत नाही.

कारण कळतं. कालव्याखाली ऊस आहे, कारखाने सुरू झालेत, ऊस वाहायला टायरगाड्या पाहिजेत. टायरगाडीला चाकांसकट एक्सल लागतो. साध्या मोटारीत कामाचा एक्सल मागचा, एकच. आमच्या वॅगनच्या चारी चाकांना जोर, म्हणून तिच्या पोटाखाली दोन. एका वॅगनीत दोन बैलगाड्या. लोक दारं बघत नाहीत, वाकून खाली बघतात.

पुढच्या एक्सलचं काय करतात ते परवा स्टेशनरोडच्या वेल्डरकडे पाहिलं. आतले शाफ्ट ओढून काढतात, चाक वळायचे सांधे वेल्डिंगनं ताठ करून टाकतात. जे चाक वळावं म्हणून कोणी एवढं डोकं लावलं, ते जन्माचं ताठ. वर ऊस, पुढे बैल. तिथं उभं राहवलं नाही.

शंकर: "दाजी, गिऱ्हाईक मागतंय ते इकावं. तुमी गिऱ्हाइकाला शिकवाया बसता."

मी: "माझ्या शेडमध्ये चालती गाडी कापली जाणार नाही."

"शेड आपली हाय, दाजी."

२६ नोव्हेंबर

पाथर्डीच्या पुढे दवाखाना चालवतात त्या डॉक्टरबाई आल्या. एस.टी.नं, धुळीनं भुवया पांढऱ्या. पन्नाशीच्या असतील. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांत आजार फार, गावांना रस्ता नाही, पेशंट खाटेवर घालून चौघे आणतात. "आणेपर्यंत कधी कधी माझं काम उरत नाही," एवढंच म्हणाल्या.

मागची दारं उघडून सरळ आत जाऊन आडव्या झाल्या. चपला बाहेर.

"मिस्त्री, पाय बाहेर येणार."

"तुमचे कुठे येतायत?"

"माझे नाही हो. बाप्या माणसाचे."

बरोबर होतं. बाक दुमडतं करून देतो म्हटलं.

सीनेच्या कोरड्या पात्रात नेली. वाळूत मुद्दाम थांबवली, चाकं रुतू दिली. बाई दांडी घट्ट धरून बसल्या. मग पुढच्या चाकांचा लिव्हर टाकला आणि सावकाश काढली. बाई मोठ्यानं हसल्या. "चिखलातनं म्हैस निघते तशी निघाली!" गाडीला आजवर दिलेलं हे सगळ्यात अचूक नाव.

भाव ठरला. पैसे मुंबईच्या ट्रस्टकडून यायचे, महिना दीड महिना. "इसार देऊन ठेवू का?" मी नको म्हटलं. त्यांचा शब्द, माझा शब्द. गाडी त्यांची.

३ डिसेंबर

बाक झालं. एका खिट्टीवर दुमडतं, दोन बोटांनी. स्वतः झोपून पाहिलं. पाय आत.

शंकर बघत होता. "इसार किती घेतला?"

घेतला नाही म्हटलं.

"मग गाडी इकली कशी? घोडेगावच्या बाजारात म्हशीचं शेपूट धरून नुसतं 'शब्द' म्हनलं, तर म्हसबी हसंल."

"आपण म्हशी विकत नाही."

पुढे बोलला नाही. शंकरचा बाप घोडेगावच्या बाजारात दलाल होता, हा त्याच्या खांद्यावर बसून बाजार शिकला. त्याचं गप्प बसणं मला कधी वाचता आलेलं नाही.

११ डिसेंबर

देवळाली प्रवराहून एक बागाईतदार आले, गेनूभाऊ. साठीचे, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, सावकाश बोलणं. शंकरनं आणले. मला वाटलं, दुष्काळात का होईना गाडीचं माणूस आलं. ही विकली गेलीये, पण पुढची करू म्हणून सगळं दाखवलं. बॉनेट उघडलं. चार चाकांना जोर कसा जातो, पुढचा लिव्हर केव्हा टाकायचा, डांबरी रस्त्यावर का टाकायचा नाही. गेनूभाऊ "व्हय, व्हय" म्हणत होते. लक्ष देऊन ऐकणारा माणूस विरळा. शंकर त्यांच्या शेजारी अगदी खेटून उभा होता, दोघांच्या हातांवर गेनूभाऊंचं उपरणं. थंडी आहे म्हणून असेल.

चहा घेऊन गेले. जाताना म्हणाले, "मिस्तरी, तुमचं ध्यान लई बारीक हाय."

१२ डिसेंबर

सकाळी शेडपुढे ट्रॅक्टर. दोन गडी, साखळी. "कालची गाडी न्यायला आलो."

कालची कोणती?

उपरण्याखाली हात धरला होता. गुरांच्या बाजारात भाव करतात तसा. तोंडानं काही नाही, आत बोटं दाबायची, तिसऱ्या माणसाला कळू नये. मी लिव्हर समजावत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत नं. ३ विकली. एक्सलसाठी. उपरणं मी पाहिलं होतं. काल वर लिहूनही ठेवलंय.

मी गाडीत जाऊन बसलो. गिअर टाकला, ब्रेकवर पाय. गडी साखळी घेऊन नुसते उभे. हिनं आतल्या खोलीत पोळ्या टाकायच्या सोडून धाव घेतली, हाताला पीठ.

शंकर खिडकीशी आला. "दाजी, उतरा. हात दिलाय म्या."

"मी शब्द दिलाय."

"इसार न्हाई, तर शब्द कसला? हात फिरवला तर नगर जिल्ह्यात एकबी बाजार मला उभा करनार न्हाई. बापाचं नाव हाय तिथं."

"आणि माझं?"

ही म्हणाली, "तुम्हा दोघांचे शब्द झाले. मी कोणाच्या बाजूनं उभी राहू तेवढं सांगा."

दुपारी गेनूभाऊ स्वतः आले. आवाज चढवला नाही. "मिस्तरी, मला गाडी नको. दोन एक्सल पायजेत. ऊस वाळतोय माझा. धा दिसांत द्या, कुठलेबी द्या. न्हाई जमलं तर शंकररावांनी परत उपरन्याखाली हात घालू नये, एवढंच."

माणूस वाईट नाही. म्हणून जास्त त्रास झाला.

१५ डिसेंबर

कुठलेबी द्या. असे दोन एक्सल जिल्ह्यात मला माहीत आहेत ते एकाच ठिकाणी.

सुप्याला गेलो. नं. २ ठेकेदाराच्या खडीच्या ढिगाशेजारी उभी. मागची सीट काढून फेकलेली, आत खडी भरतात. माझ्या दाराच्या फळीवर पहारीचे घाव. तेल काळं, डांबर झालेलं. ठेकेदार म्हणाला, "चालते अजून. तुमची कमाल आहे." विकत मागितली तर आधी चेष्टा वाटली त्याला. मग भाव चढवला. मी घासाघीस केली नाही. पैसे माझ्या वाटणीतले, शंकरच्या नाहीत.

चालवत आणली. वाटेत एकदा बंद पडली नाही.

१९ डिसेंबर

नं. २ कापली. मीच. शंकर म्हणाला होता, "म्या करतो, तुमी नगा बघू." त्याला हात लावू दिला नाही. तो वाईट कापतो.

आधी तेल काढलं. मग स्प्रिंगांचे यू-बोल्ट. एकही कापावा लागला नाही, सगळे पान्यानं सुटले, कारण मीच ग्रीस लावून बसवले होते. नीट बांधलेली गाडी सोडायला फार सोपी असते. चाकांसकट दोन्ही एक्सल बाहेर, सांगाडा दगडांवर ठेवला. पुढच्या एक्सलचे सांधे ताठ करायचं वेल्डिंगही मीच केलं. करायचंच तर सरळ रेषेत तरी व्हावं. दोरी लावून पाहिलं. सरळ आहे.

शंकर दिवसभर दारात उभा. एकदा पाणी दिलं. घेतलं.

२२ डिसेंबर

ट्रकमधून एक्सल देवळालीला स्वतः नेऊन दिले. शंकर म्हणाला मी जातो, मी नको म्हटलं. गेनूभाऊंच्या ओट्यावर दहा-बारा लोक होते, कारखान्याचे सभासद, दोन गाडीवान. गेनूभाऊंनी एक्सल फिरवून पाहिले, चाक बोटानं फिरलं. खूश झाले. "शंकररावांनी शब्द राखला," म्हणाले.

मी म्हणालो, शंकररावांनी नाही, मी राखला. त्यांनी दुसऱ्याच्या मालावर हात दिला होता, तो मी माझी गाडी कापून सोडवला.

गेनूभाऊ म्हणाले, "असू द्या, असू द्या, च्या घ्या." पण काम कोणाचं ते लोकांना कळायला हवं. जे झालं तेच बोललो.

२५ डिसेंबर

बातमी बाजारात पोचली. आठवड्याचा बाजार, देवळालीचे गाडीवान तिथं होते. कोणीतरी शंकरला सगळ्यांसमोर म्हणालं, "काय शंकरराव, आज कुनाच्या मालावर हात?" लोक हसले. हे त्यानं मला सांगितलं नाही, हिला सांगितलं.

ही रात्री जेवायला वाढून समोर बसली. "चार माणसांत बोलायला नको होतं."

"खोटं बोललो का?"

"निम्मी त्याचीही होती ना?"

यावर उत्तर आहे. निम्मे पैसे म्हणजे निम्मी गाडी नव्हे. निम्म्या पैशात तीन भंगार आले होते, गाडी नव्हे. हे तिला सांगितलं. तिनं ताट उचललं.

३० डिसेंबर

शंकर गेला. भांडला असता तर बरं. आपले पाने वेगळे केले, माझे पाने पुसून माझ्या खणात ठेवले. "नं. ३ ला माझा निम्मा हिस्सा तसाच ऱ्हाऊ द्या. इकली की द्या." घोडेगावला आत्याकडे राहून म्हशींची दलाली करणार. पाया पडला नाही. हिला मात्र वाकून नमस्कार केला.

नं. ३ वर फडकं मारलं. डॉ. बाईंचा महिना झाला.

२१ जानेवारी १९७३

डॉ. बाई आल्या. एस.टी.नं नाही. कोऱ्या जीपमधून, ड्रायव्हरसकट.

ट्रस्टच्या कोणा देणगीदारानं नवी गाडीच दिली. जुनी घ्यायला पैसे देणार नाहीत. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. "मिस्त्री, कळवायला कार्ड टाकता आलं असतं. पण तुम्ही इसारही घेतला नव्हतात. म्हणून स्वतः आले."

इसार असता तर मी तो परत केला असता, आणि दोघं मोकळे झालो असतो. आता काय परत करू?

काही हरकत नाही म्हटलं. त्यांना नं. २ चं सांगितलं नाही. सांगाडा शेडच्या मागे होता, त्यांनी विचारलं नाही.

जाता जाता: "ह्या जीपमध्ये पेशंटचे पाय बाहेर येतात हो. तसलं बाक करून द्याल?"

मी म्हणालो, दुसऱ्याच्या गाडीत माझं बाक बसणार नाही. मापं वेगळी असतात.

बाई "बरं" म्हणाल्या. गाडी वळेपर्यंत मी तिच्या मागच्या भागाकडे बघत होतो.

४ फेब्रुवारी

बाक करून एस.टी.च्या टपावरून पाठवलं. डोळ्यानं घेतलेलं माप, पण बसेल. सोबत चिठ्ठी नाही.

१६ एप्रिल

गल्लीत टँकर एक दिवसाआड. ही पहाटे हंडे लावते. आज नं. ३ चं इंजिन फिरवायचं होतं, फार दिवस उभं ठेवलं की पिस्टनच्या रिंगा धरतात. रेडिएटर कोरडा. दोन कळशा ओतल्या.

ही दारात उभी. "ते प्यायचं होतं."

इंजिन गार झाल्यावर पाणी परत काढून दिलं. तांबूस आलं, गंजाचं. तिनं भांडी घासायलाही घेतलं नाही, तुळशीला नको म्हणाली, माळावर ओतून आली.

शंकर घोडेगावला बरा चाललाय म्हणतात. मला कोणी सांगत नाही. ही दर बाजारी कोणाजवळ तरी त्याला भाकरी-चटणी पाठवते. मी विचारत नाही, ती लपवत नाही.

९ सप्टेंबर

यंदा पाऊस झाला, इतका की पाथर्डीकडचे कच्चे रस्ते वाहून गेले. आता चार चाकांच्या जोराचं काम आहे. दोघं गाडी बघून गेले. एकाला दारं आवडली. "एवढी जुनी, पार्ट कुठं मिळणार?" मी म्हणालो, मी करतो ना पार्ट. तो म्हणाला, "तुम्ही किती दिवस पुरणार?"

खरं तर साधा प्रश्न आहे.

१८ नोव्हेंबर

पेट्रोलचा भाव. पंपावर माणसं पाटीकडे बघतात आणि माघारी फिरतात. ही वॅगन पाण्यासारखं पेट्रोल पिते हे मी कधी कोणापासून लपवलं नाही. आता कोणी विचारतही नाही. जुन्या पेट्रोल गाड्यांची इंजिनं काढून रॉकेलवर चालवायला विहिरींवर बसवतायत, बाकीचं भंगारात.

शेडचं भाडं या महिन्यात हिच्या भिशीतून दिलं. ती काही बोलली नाही. मला तिनं काहीतरी बोलायला हवं होतं.

२० जानेवारी १९७४

शंकर आला. वर्षानं. थोडा जाड झालाय, खांद्यावर नवं उपरणं. ते खांद्यावरच राहू दिलं. तोंडानं बोलला, मोठ्यानं, आतल्या खोलीत ऐकू जावं असा.

"दाजी, निम्मी माझी, निम्मी तुमची. तुमची निम्मी मला द्या. रोख आनलेत. एक्सलला गिऱ्हाईक हाय, इंजिन हिरीवर जाईल. दारं तुमाला ठेवा, डबा ठेवा. कोंबड्या पाळा, न्हाईतर झोपा त्यात."

मी नं. ३ च्या दारावर फडकं मारत राहिलो.

मग आवाज उतरवून: "अन् म्या परत येतो शेडात. त्या देवळालीच्या गोष्टीचं नाव काढनार न्हाई. ताईसाठी. नव्या डिझेल जीपा येत्यात लिलावाला. तुमी बांधा, म्या इकतो. पयल्यासारकं."

ही दारात येऊन उभी होती. हात पदरात. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, गाडीकडेही नाही, भावाकडे पाहिलं.

शंकर म्हणाला ते सगळं मला पटलं. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. नं. ३ आता विकली जाणार नाही, हे त्याच्याइतकंच मला माहीत आहे. तरी तिच्याखाली पाना घेऊन शिरायचं आणि यू-बोल्ट सोडायचे, ते परत इतक्या सहज सुटणार, हे डोळ्यांपुढे आलं.

नाही म्हटलं.

शंकरनं पैसे परत पिशवीत ठेवले. "बरं," म्हणाला. वर्षापूर्वीसारखंच, न भांडता. मग हिला म्हणाला, "ताई, गावाकडं आईला बघून ये चार दिवस. लई आठवन काढती."

ही आत गेली. पेटी नाही, एक पिशवी घेऊन आली. दाराची कडी कशी लावायची, पीठ कुठल्या डब्यात आहे, सांगितलं. मला ते ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे. शंकरच्या मागोमाग एस.टी. स्टँडकडे चालत गेली. कधी येणार ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

दुपारी नं. ३ चालू करून पाहिली. अर्ध्या हँडलला.

नाकारलेली रक्कम: रुपये दोन हजार पाचशे. रोख.